अल कुसैसची पूर्व आघाडी

जर्मन सैन्य रशियात कसं हरलं हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. ते मला दुबईच्या अल कुसैसमध्ये, आमच्या डब्यांच्या किचनच्या मागच्या दारी, चेस्ट फ्रीझरच्या झाकणावर कळलं. त्या झाकणावर काकांनी मार्करने नकाशा काढला होता. डाव्या कोपऱ्यात बर्लिन, उजव्या कोपऱ्यात व्होल्गा नदी, आणि जिथे मॉस्को यायला हवं तिथे नेमकं फ्रीझरचं हॅन्डल. म्हणजे मटार काढायचे तर मॉस्को मुठीत धरून उचलावं लागायचं. "जपून ओ!" काका ओरडायचे. "जे अख्ख्या जर्मनीला जमलं नाही ते तुम्ही उसळीसाठी करताय."

त्यांचा आवाज असा की इकडे 'जपून' म्हणाले तर आखातापलीकडे इराणमधली बकरी दचकायची. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण बकरीने नाकारलेलंही नाही.

ते माझे सख्खे काका नव्हेत. मिरजेच्या रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा मुलगा आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. बाप एकटा पडला म्हणून मुलाने इकडे आणलं आणि सोफ्यावर बसवलं. काका तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून त्यांनी आमची डब्यांची गाडी भरली जाताना पाहिली आणि लेंग्यावर तसेच खाली आले.

"कुणाची गाडी ही?"

"माझी," मी म्हणालो.

"पहिल्या थांब्याचे डबे तळाला घातलेत. उतरवताना गाडी उलटी करणार काय?"

मी काही बोलायच्या आत ते गाडीत चढले होते. दीडशे डबे बाहेर काढून त्यांनी पुन्हा भरले, आणि त्या दिवशी आमची गाडी पाऊण तास आधी परत आली. ड्रायव्हर आमचा पेशावरचा पठाण. त्याने खाली उतरून काकांचा हात आपल्या डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. तिसऱ्या महिन्यात मी त्यांना कागदोपत्री 'लॉजिस्टिक्स को-ऑर्डिनेटर' करून टाकलं. ते कार्ड त्यांनी लॅमिनेट करून मिरजेला पाठवलं. कुणाला पाठवलं हे विचारलं तर म्हणाले, "मालधक्क्याला. लावतील भिंतीवर."

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्यांच्या गळ्यात तपकिरी लोकरीचा मफलर असे. आत एसी, बाहेर भट्टी, असा हा देश. पण काका भट्टीतसुद्धा मफलर सोडत नसत. नवीन पोरगा हसला की म्हणायचे, "हस. मफलर न नेता मॉस्कोला गेलेले पण असेच हसत होते."

अंतरं ते मिरजेत मोजायचे. उम्म अल कुवैन म्हणजे 'मिरज-जयसिंगपूर, तीनदा'. फुजैरा म्हणजे 'कोल्हापूरला जाऊन आलो'. अबू धाबी म्हणजे 'सातारा, आणि वर चहा'. गंमत म्हणजे त्यांचे हिशोब गुगल मॅपपेक्षा बरोबर निघत, कारण गुगल चहा धरत नाही.

आता मिरजेच्या माणसाला रशियाचं एवढं काय, असं सगळेच विचारायचे. मीही विचारलं. काका म्हणाले, "मिरजेला एके काळी तीन रुंदीचे रूळ होते. मोठे, मधले आणि बारके. बारक्या रुळावरनं आलेला माल मोठ्या रुळावर जात नाही. मग काय करायचं? हमाल लावायचे, एका वाघिणीतली पोती दुसऱ्या वाघिणीत टाकायची. पोती फुटायची, गूळ पाघळायचा, मुंग्या यायच्या, व्यापारी शिव्या घालायचे. कुणाला? आम्हाला. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं, पाठीमागची पानं फाटलेलं. त्यात लिहिलेलं, रशियाचे रूळ जर्मनीच्या रुळांपेक्षा रुंद. मी तिथंच पुस्तक मिटलं. म्हटलं, हरले हे!"

"पण शेवटची पानं फाटली होती ना? खात्री कशी झाली?"

"मालक, ज्याने मिरजेला गूळ पाघळताना बघितलाय त्याला शेवटची पानं लागत नाहीत."

बंदुका, शौर्य, पदकं यांत त्यांना काडीचाही रस नव्हता. "लढाई बघायची त्याने सिनेमा बघावा. मी मालगाड्या बघतो." जर्मन सैन्याचा सगळा इतिहास त्यांच्या लेखी एका प्रश्नात मावत होता: पुढे गेलेल्या माणसाला मागून भाकरी पोचली का? चिखलात गाड्या रुतल्या, नाही पोचली. थंडीत इंजिनं गोठली, नाही पोचली. स्टालिनग्राडला वेढा पडला, मग तर नाहीच पोचली. बर्लिनमध्ये बसून हुकूम सोडणाऱ्या त्या मिशीवाल्याचं नाव ते कधी तोंडातून काढत नसत. त्याला ते 'मालक' म्हणत. मलाही मालकच म्हणत. हा निव्वळ योगायोग आहे असं मी कित्येक वर्षं समजत होतो.

एकदा किचनमध्ये उंदीर दिसला. एकच, आणि तोही बिचारा रस्ता चुकलेला. मी म्हटलं, सापळा लावू. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "स्टालिनग्राडच्या वेळेस एक अख्खी रणगाड्यांची तुकडी पेंढा घालून झाकून ठेवलेली. वर हुकूम आला, चला. चालू करायला गेले तर निम्मे रणगाडे मुके. उंदरांनी वायरी खाल्लेल्या!" मी आयुष्यभर थापा मारत आलोय, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. ही थाप नव्हती. मी नंतर शोधून पाहिलं. त्या दिवशी काकांनी दोन्ही गाड्यांची बॉनेट उघडून एकेक वायर बोटाने चाचपली, आणि संध्याकाळपर्यंत किचनमधलं प्रत्येक भोक सिमेंटने बुजवलं. त्यात आमच्या एक्झॉस्ट पंख्याचंही भोक गेलं. दोन दिवस आम्ही फोडणीच्या धुरात खोकत काढले, पण उंदीर काही पुन्हा दिसला नाही.

त्यांची सगळ्यात वेगळी सवय म्हणजे, ही लढाई कशी संपली हे त्यांना ठाऊक असूनही विश्वास बसत नसे. स्टालिनग्राड सांगायला बसले की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. जर्मन व्होल्गेच्या काठाला पोचले म्हणताना आवाज खाली जायचा. मग रशियन फौजा दोन्ही बाजूंनी येऊन मागे एकत्र मिळाल्या, वेढा बंद झाला, इथपर्यंत आले की ते मोठ्ठा 'हुश्श' करून पिठाच्या पोत्यावर टेकायचे. जणू कालपर्यंत निकाल लागायचा होता. "बरं झालं बाबा," ते म्हणायचे. "ज्या कामाला निघाले होते ते काम जिंकू देण्यासारखं नव्हतंच. पोचले असते तर माणसाला माणूस म्हणून कुणी ठेवलं नसतं."

आणि लेनिनग्राड सांगताना रडायचे. उघड उघड, मफलरला डोळे पुसत. शहराला वेढा, आत लोक भुकेने मरतायत, आणि गोठलेल्या तळ्यावरून ट्रक पीठ घेऊन चाललेत. बर्फ कधी फुटेल याचा नेम नाही, म्हणून ड्रायव्हर दार उघडं ठेवून चालवतायत.

"चाचा, पानी के ऊपर?" पठाणाने विचारलं होतं.

"बर्फ के ऊपर. नीचे पानी."

पठाण उठला आणि गाडी धुवायला गेला. त्या दिवसापासून शारजाच्या ट्रॅफिकबद्दल त्याने एकदाही तक्रार केली नाही, आणि शारजाचा ट्रॅफिक ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की हा लेनिनग्राडइतकाच मोठा चमत्कार आहे.

आता माझ्याकडे वळतो, कारण या गोष्टीत हरायची पाळी माझी होती.

मला 'नाही' म्हणता येत नाही. इथे राहून त्याची गरजही पडत नाही. 'इन्शाल्ला', म्हणजे देवाची मर्जी असेल तर, म्हटलं की दोन्ही बाजू खूश. पण गणपतीच्या मोदकांचं काय करणार? समोरून मराठी माणूस फोन करतो, 'भाऊ, बाप्पाचा नैवेद्य आहे, उकडीचे मोदक पाहिजेत', आणि देवाच्या नैवेद्याला नाही म्हणणं म्हणजे पाप. मी कधीच नाही म्हटलं नाही. मोदक बायको वळायची. तिच्या हाताखाली चार बायका होत्या, पण कळ्या पाडायच्या तर तिनेच. दुसऱ्या कुणाच्या पंधराच्या वर गेल्या नाहीत. आणि नैवेद्य सगळ्यांना एकाच वेळेला लागतो, दुपारी बाराच्या आसपास. त्यामुळे घरी आमच्या स्वतःच्या गणपतीची आरती चाललेली असायची, आणि ही खाली किचनमध्ये वाफेत उभी. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी, महिनाभर आधी, जेवताना ती म्हणाली, "अहो, या वर्षी मी आरतीला घरी उभी राहणार आहे. नाही जमलं तर हे मोदकांचं शेवटचं वर्ष, आणि किचनच्या किल्ल्या तुमच्याकडे."

"जमेल की! इन्शाल्ला."

"मला इन्शाल्ला म्हणू नका. मी काही गिऱ्हाईक नाही."

"मम्मा इज सीरियस, बाबा," मुलगी ताटातून मान वर न काढता म्हणाली.

आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी काय केलं? शारजातल्या अल मजाजच्या टॉवरमधली पंचवीस घरं नेहमीची होती, ती घेतली. उम्म अल कुवैनच्या कारखान्यातले इंजिनियर घेतले. मग अबू धाबीहून एका बँकेतल्या साहेबांचा फोन आला, त्यांच्याकडे चाळीस माणसं जेवायला. घेतला. मग फुजैराहून एक बाई. त्याही घेतल्या. वही काकांसमोर ठेवली तेव्हा काका इतके गप्प झाले की किचनमध्ये पहिल्यांदाच एसीचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी मार्कर घेतला आणि फ्रीझरच्या झाकणावर तीन बाण काढले. वर उम्म अल कुवैन, उजवीकडे फुजैरा, खाली अबू धाबी.

"हे चित्र मी आधी बघितलंय," ते म्हणाले. "तीन बाण, तिन्ही लांब, आणि भाकरी एका चुलीवर."

"काका, मोदक आहेत. रणगाडे नव्हेत."

"रणगाडा चार दिवस थांबला तरी रणगाडाच राहतो. मोदकाचं तासाभरात काय होतं ते वहिनींना विचारा."

मी कच्चा नव्हतो. वाफ धरणारे गरम डबे होते तेवढे, आणि आमच्या दोन्ही गाड्या, मजाज आणि उम्म अल कुवैनलाच लागणार होत्या, म्हणून मी लांबच्या दोन ठिकाणांसाठी भाड्याने दोन चकचकीत गाड्या घेतल्या होत्या. अन्नाची परवानगी असलेल्या त्याच मिळाल्या, आणि त्या चिलरच्या, म्हणजे थंड माल नेणाऱ्या होत्या. थंडावा बंद केला की त्यांचा तापमान नोंदणारा रेकॉर्डर बोंबलायचा. मी म्हटलं, थोडी थंड हवा लागली तर लागली. चतुर्थीच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम म्हणून एकावन्न मोदक पठाणाबरोबर फुजैराला पाठवले आणि तसेच परत मागवले.

एकावन्न गेले आणि एकावन्न परत आले, पण आले ते मोदक नव्हते. पांढरे, कडक, कळी न् कळी तडकलेली, आतलं सारण भेगांतून बाहेर डोकावतंय. एक माझ्या हातून निसटला, खाली पडला आणि फरशी फुटली. फरशी आधीच फुटलेली होती असं बायकोचं म्हणणं आहे, पण माझ्या प्रत्येक गोष्टीत तिचं असलं काहीतरी म्हणणं असतंच.

काकांनी एक मोदक तळहातावर घेतला. दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्यावर फुंकर घातली. "उन्हाळी कपड्यात पाठवलंत पोरांना," ते म्हणाले.

"आणखी गरम डबे मागवतो. अजमानमध्ये माझा ओळखीचा आहे. तो म्हणाला, इन्शाल्ला उद्यापर्यंत..."

"स्टालिनग्राडला पण एक जण म्हणालेला, विमानाने सगळं पुरवतो. तो स्वतः चांगला गरगरीत होता. उपाशी आत अडकलेले होते."

"पहाटे दोनला सुरू करू. आणखी बायका बोलावू. ही थोडी लवकर उठेल..."

इथे माझी जीभ अडखळली, कारण बायको दारात उभी होती. दंडापर्यंत पीठ. कमरेची किल्ल्यांची जुडी काढून तिने ओट्यावर ठेवली आणि उकड मळायला गेली. किल्ल्यांचा तो आवाज फार मोठा नव्हता, पण मला आजही रशियन तोफखाना म्हटलं की तोच ऐकू येतो.

मी फोन काकांपुढे सरकवला. "तुम्हीच सांगा ना त्यांना. को-ऑर्डिनेटर आहात तुम्ही. म्हणा, गाडी बिघडली."

काकांनी फोनला हात लावला नाही. मफलर सोडून बाजूला ठेवला. मी त्यांचा मोकळा गळा त्या दिवशी प्रथम पाहिला. ते हळू आवाजात बोलायला लागले. "वेढ्यातले लोक वर विचारत होते, मागे येऊ का? अजून वाट आहे, येऊ का? मालक म्हणाला, नाही. पुन्हा विचारलं. नाही. ते परवानगी मागत राहिले आणि बर्फ पडत राहिला. ओ, मागे फिरा असं खालच्याने सांगितलं तर ती पळापळ होते. मालकाने सांगितलं तर ती माघार. माघारीत माणसं घरी पोचतात."

"लोक काय म्हणतील? सातही अमिरातींत माझं नाव खराब होईल."

"त्याला पण नावाचीच काळजी होती."

मी फुजैराला फोन लावला. नंबर दोनदा चुकला, आणि एकदा तर खोरफक्कनच्या एका मासेवाल्याला मी मोदक जमणार नाहीत म्हणून कळवलं. तो 'खलास, हबीबी' म्हणाला आणि त्याने मला माफही केलं. मग त्या बाई लागल्या. मी घसा खाकरला, देवाची क्षमा मागितली, त्यांची मागितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "नाही जमणार, ताई."

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला.

"अहो भाऊ, देवासारखे धावलात! माझ्या सासूबाई आल्यात इंडियातून. बाहेरचे मोदक म्हटल्यावर दोन दिवस तोंड फिरवून बसल्यात. त्यांना स्वतःला करायचेत. तुम्हाला नाही कसं म्हणायचं म्हणून मी रोज फोन हातात घेऊन ठेवत होते."

मी काकांकडे बघितलं. काकांनी नकाशावरचा उजवा बाण ओल्या फडक्याने पुसला.

अबू धाबीच्या साहेबांकडे मात्र अशा सासूबाई नव्हत्या. ते मराठीत ओरडले, मग इंग्रजीत, मग हिंदीत. "दो दिन पहले? चाळीस माणसं येतायत माझ्याकडे! मी बाप्पासमोर काय ठेवू, तुमचं व्हिजिटिंग कार्ड?" मी नुसता 'बरोबर आहे' म्हणत होतो. एरवी मी तिथे वाकलो असतो. एरवी मी म्हणालो असतो, बघतो, करतो, इन्शाल्ला. काकांनी तेवढ्यात डब्यावरचं लेबल फाडून त्याच्या पाठीवर लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरलं: 'सारणाला थंडी बाधत नाही.'

"साहेब," मी म्हणालो, "मोदक नाही येणार. पण सारण आमच्या हातचं येईल, पिठी येईल, मोदकपात्र येईल. वाफ तुमच्या घरी. उद्या संध्याकाळी आमची ही व्हिडिओवर वळायला शिकवेल."

"वळणार कोण? इथे आम्ही सगळे फायनान्सवाले!"

काकांना राहवेना. त्यांनी फोन ओढून घेतला. "ओ साहेब, मिरजेच्या मालधक्क्यावरनं बोलतोय. चाळीस माणसं म्हणजे ऐंशी हात आहेत तुमच्याकडे. एवढी कुमक असल्यावर कुणी हरतंय व्हय?"

हा मिरजेचा मालधक्का अबू धाबीच्या व्यवहारात कुठून आला हे त्या साहेबांना कळलं नसणार. पण आवाजाने काम केलं. दोन मिनिटांनी ते विचारत होते, पीठ मळताना तेल की तूप.

फोन ठेवला आणि माझ्या पाठीवरून एक अख्खं सैन्य खाली उतरलं, घोड्यांसकट. काकांनी 'हुश्श' केलं आणि पोत्यावर टेकले. मीही शेजारी टेकलो. ओट्यावर बघितलं तर किल्ल्या नव्हत्या. बायकोने त्या कधी उचलल्या कळलंही नाही; ती पाठमोरी उभी राहून मळत होती, पण आता गुणगुणत होती.

चतुर्थीला साडेदहाच्या आत दोन्ही गाड्या गेल्या. मजाजला मोदक पोचले तेव्हा डब्याचं झाकण उघडताना वाफेने एका काकूंचा चष्मा धुरकटला, असं पठाणाने अभिमानाने कळवलं. अकरा वाजता बायकोने ॲप्रन काढला, वर आली, आंघोळ केली, नऊवारी नेसली. साडेअकराला आमच्या दिवाणखान्यात आरती सुरू झाली. मी तबक धरलं, मुलीने झांजा घेतल्या, काका घंटा वाजवायला लागले.

मधेच बायकोचा फोन वाजला. अबू धाबी. तिचा हात सवयीने पुढे गेलाच. पण काकांनी फोन आधी उचलला, घंटा मुलीकडे दिली आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन दार ओढून घेतलं. दाराआडून ऐकू येत होतं, तळमजल्यावरही येत असणार, "फुटू द्या! पहिला घाणा सगळ्यांचाच फुटतो! पाण्याचा हात लावा. झाकण उघडू नका म्हणतो ना. दहा मिनिटं. मी थांबलोय लाइनवर!"

दहा मिनिटांनी ते आत आले. "उतरले. बत्तीस चांगले, आठ कामचलाऊ. साहेब रडतायत तिकडं," ते म्हणाले, आणि त्यांचेही डोळे ओलेच होते.

तोवर आरती संपली होती. बायको आमच्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, आता ही काहीतरी चांगलं बोलणार.

"तीन वर्षं तुम्ही हीच म्हणत होतात?"

"म्हणजे?"

"मधलं अख्खं कडवं गाळलंत. आणि पहिलं इतकं बेसूर? देव कसा बसून राहिला इथे?"

"बाबा ऑल्वेज स्किप्स इट," मुलीने लगेच फितुरी केली.

काकांनी मुकाट्याने घंटा उचलली. बायकोने माझ्या हातातलं तबक काढून घेतलं, निरांजनात तूप घातलं, पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. मग आरती पहिल्यापासून पुन्हा झाली, सगळ्या कडव्यांनिशी, अगदी संथ लयीत. घड्याळात बारा वाजून गेले. आमच्यापैकी कुणाला कुठेच पोचायचं नव्हतं.